धरलेला बास सोडायचा की नाही? – बिवा सरोवराची गोष्ट

गळाला लागलेला मासा हळूच सोडवायचा, त्याचे वजन करायचे आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे. अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या तलावावर बास पकडणाऱ्या हौशी माणसाने असे केले, तर आजूबाजूचे लोक त्याला चांगला खेळाडू म्हणतात. हेच त्याने जपानच्या बिवा सरोवरावर केले, तर तो नियम मोडतो. धरलेला बास पाण्यात परत सोडायला तिथे २००३ सालापासून मनाई आहे. मासा तोच, गळ तोच, सोडणाऱ्याची भावनाही तीच. मग निवाडा असा उलटा का? त्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल. पण आधी या माशाची ओळख करून घेऊ.

लार्जमाउथ बास, म्हणजे मोठ्या तोंडाचा बास, हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या गोड्या पाण्यातला मासा. त्याचे तोंड एवढे मोठे की जबड्याचे टोक डोळ्याच्याही मागे जाते. भक्ष्याचा लांबवर पाठलाग करणे याच्या स्वभावात नाही. पाणवनस्पतींच्या कडेला, बुडालेल्या ओंडक्याआड किंवा पुलाच्या खांबाच्या सावलीत तो दबा धरून बसतो. लहान मासा, बेडूक, कोळंबी टप्प्यात आली की झटक्यात तोंड उघडतो. तोंडातली पोकळी एकदम वाढल्याने आतला दाब कमी होतो, पाणी आत धावते आणि पाण्याबरोबर भक्ष्यही आत जाते. पिचकारीचा दट्ट्या मागे ओढल्यावर पाणी आत येते, तोच हा प्रकार. वर्गात दाखवायला सोपा आहे.

बास धरण्याच्या बहुतेक युक्त्या या स्वभावातूनच निघाल्या आहेत. मासा कडेला दडतो, म्हणून आमिष उघड्या पाण्यात न टाकता वनस्पतींच्या काठाकाठाने ओढायचे. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तो उथळ पाण्यात शिकारीला येतो, दुपारी सावलीत किंवा खोल पाण्यात जातो, म्हणून गळही वेळेप्रमाणे जागा बदलतो. हिवाळ्यात पाणी थंड झाले की शीतरक्ताच्या या प्राण्याच्या शरीरातल्या सगळ्या क्रिया मंदावतात. तो फार हलत नाही. तेव्हा आमिषही तळालगत, कंटाळा येईल इतक्या सावकाश सरकवावे लागते. तलावावरचा जाणता माणूस पाण्याचे तापमान आधी पाहतो ते यासाठीच.

वसंतात पाणी साधारण १६ ते २० अंश सेल्सियसपर्यंत तापले की नर उथळ पाण्यात येतो आणि शेपटीने तळ झाडून एक बशीसारखी जागा तयार करतो. मादी तिथे अंडी घालून निघून जाते. पुढची सगळी राखण नराची. अंडी फुटल्यावर पिल्लांच्या थव्याबरोबरही तो काही दिवस राहतो. या काळात तो फारसे खात नाही, पण घरट्याजवळ येणाऱ्या कशावरही धावून जातो, आणि म्हणूनच सहज गळाला लागतो. भूक नसताना मासा आमिष धरतो याचे नवल वाटते, पण तो आमिष खात नसतो, हाकलत असतो. त्याला वर काढला की ब्लूगिल नावाचे छोटे मासे काही मिनिटांत अंड्यांवर तुटून पडतात. नराची ही राखण लक्षात ठेवू या, पुढे तिचे काम पडेल.

अमेरिकेत या माशांना माणसाने बरेच फिरवले. लार्जमाउथचा जवळचा भाऊबंद, स्मॉलमाउथ बास, १८५४ च्या सुमारास रेल्वेच्या इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीतून पोटोमॅक नदीत पोहोचवला गेला. पाण्याची टाकी आणि वेगाने जाणारी गाडी, माशांची पाठवणी करायला याहून सोयीचे काय असणार! पुढे १८८१ साली जेम्स हेन्शॉल या डॉक्टरांनी बासवर एक आख्खे पुस्तक लिहिले. तोवर गळाची प्रतिष्ठा ट्राउट आणि सामन या माशांना होती. हेन्शॉल यांनी बासला त्यांच्या पंगतीत आणून बसवले. विसाव्या शतकात नद्यांवर धरणे झाली, बुडालेल्या झाडाझुडपांचे प्रचंड जलाशय तयार झाले आणि बासला हवे तसे घर मिळाले.

मग साधनेही बदलली. १९४९ साली ओहायोतल्या अॅक्रन गावी निक क्रीम यांनी प्लॅस्टिकचा मऊ गांडूळ बनवला. गळाचे टोक या गांडुळाच्या अंगातच लपवायचे आणि पुढे निमुळते वजन लावायचे, म्हणजे ते झाडोऱ्यात अडकत नाही. माशाने चावा घेतला आणि दोरीला झटका दिला की टोक बाहेर येते. या साध्या युक्तीमुळे दाट वनस्पतींतला, तोवर हाताला न लागणारा बास आवाक्यात आला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस होडीवर ठेवण्याजोगे छोटे सोनार आले. ध्वनीच्या परावर्तनाने तळ आणि मासे दिसू लागले.

१९६७ साली रे स्कॉट या विमा एजंटाने आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर बास पकडण्याची मोठी स्पर्धा भरवली. १०६ स्पर्धक आले. पुढे अशा स्पर्धा वाढत गेल्या, आणि ढिगाने मेलेले मासे वजनकाट्यावर पडलेले पाहून लोक विचारू लागले, की असेच चालले तर तलावात उरेल काय? तेव्हा १९७२ पासून स्कॉट यांनी स्पर्धांत मासे जिवंत ठेवून, वजनानंतर परत सोडण्याची पद्धत आणली. होड्यांत हवा खेळवलेल्या पाण्याच्या टाक्या बसल्या. ‘धरा आणि सोडा’ हा बास पकडणाऱ्यांचा धर्मच झाला. त्यामागे साधा हिशेब होता: मासा इथलाच आहे, माणसे वाढली आहेत, तर मासा पुरला पाहिजे.

आता जपानकडे जाऊ. तिथे हा मासा नव्हताच. १९२५ साली आकाबोशी तेत्सुमा या उद्योगपतींनी तो कॅलिफोर्नियातून आणून हाकोनेच्या डोंगरातल्या आशी सरोवरात सोडला. खायलाही चांगला आणि पकडायलाही मजेचा, असा त्यांचा विचार. बरीच वर्षे बासचा पसारा मर्यादित होता. १९७० च्या दशकात कृत्रिम आमिषाने मासे पकडण्याचा छंद जपानी तरुणांत पसरला, आणि तळ्यातळ्यांत बास दिसू लागला. तो आपोआप चालत गेला नव्हता. लोकांनी गुपचूप नेऊन सोडला, हे उघड आहे. बिवात तो पहिल्यांदा आढळला १९७४ साली.

ब्लूगिलची वाट निराळी. १९६० साली अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलेले युवराज आकिहितो यांना शिकागोच्या महापौरांनी हे मासे भेट दिले. आकिहितो स्वतः माशांचे अभ्यासक. जपानमध्ये अन्नासाठी मासे वाढवायचे होते, म्हणून त्यांनी ते संशोधन केंद्राकडे सोपवले. तिथून ते देशभर पसरले. २००७ साली सम्राट म्हणून बिवाकाठच्या शिगा प्रांतात आले असताना आकिहितोंनी याबद्दल जाहीरपणे मनातली वेदना बोलून दाखवली. आपल्याकडची चिलापी, म्हणजे तिलापिया, १९५२ साली अशीच अन्नासाठी भारतात आणली गेली. उजनीच्या काठावर ती आज कुणाला परकी वाटत नाही.

बिवा हे जपानमधले सर्वांत मोठे सरोवर. क्षेत्रफळ सुमारे ६७० चौरस किलोमीटर, आणि वय लाखो वर्षांचे. त्याचा उत्तरेकडचा भाग मोठा आणि खोल, काही ठिकाणी १०० मीटरहून अधिक. दक्षिणेकडचा भाग छोटा, सरासरी खोली जेमतेम चार मीटर. दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागी १९६४ पासून मोठा पूल आहे. एवढ्या जुन्या पाण्यात जगात दुसरीकडे कुठेच न सापडणारे मासे निर्माण झाले. निगोरोबुना हा त्यांतला एक, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. अंड्यांनी भरलेल्या माद्या मिठात घालून, मग शिजलेल्या भातात महिनोन् महिने आंबवून फुनाझुशी करतात. आजच्या सुशीचा हा पूर्वज मानला जातो. वास फार उग्र असतो, पण बिवाकाठच्या माणसाला विचारून पाहा!

निगोरोबुना वसंतात काठच्या बोरूच्या बेटांत येतो, पूर्वी तर पाटांतून थेट भातखाचरांत शिरायचा. अंडी गवताला चिकटवून निघून जातो. राखण नाही. बिवात शिकारी मासे नव्हते असे नाही. मोठा मागूरसारखा बिवा कॅटफिश होता, मासे खाणारा हासू होता. पण काठच्या झाडोऱ्यात दिवसाढवळ्या दबा धरणारा आणि स्वतःची पिल्ले मात्र राखणारा असा शिकारी नवीन होता. एकाची पिल्ले पहाऱ्यात आणि दुसऱ्याची उघड्यावर, असा सामना झाला. १९८० च्या दशकात बासची संख्या झपाट्याने वाढली, १९९० च्या दशकात ब्लूगिलची. कोळ्यांच्या जाळ्यांत निगोरोबुना आणि होनमोरोको हे मासे कमी कमी येऊ लागले.

मात्र सगळे खापर बासवर फोडणे आम्हांला पटत नाही. १९७२ ते १९९७ या काळात बिवाच्या विकासाची प्रचंड योजना राबवली गेली. काठ काँक्रीटने बांधले गेले, बोरूची बेटे घटली. खाचरांची रचना बदलली, पाट खोल गेले आणि माशांना वर चढता येईना. १९९२ पासून पुराची तयारी म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर सरोवराची पातळी खाली आणू लागले. गवताला चिकटलेली अंडी नेमकी याच दिवसांत उघडी पडून वाळायची. बास सोडणारी माणसे चोरून आली होती, ही कामे मात्र सरकारी शिक्क्यानिशी झाली. विज्ञान शिकवताना एका परिणामाला एकच कारण शोधायची सवय आपल्या मुलांना लागते. ती मोडायला बिवाचे उदाहरण उत्तम आहे.

त्यात १९९४ च्या उन्हाळ्यात मोठा दुष्काळ पडला. सप्टेंबरमध्ये सरोवराची पातळी नेहमीच्या पातळीखाली १२३ सेंटिमीटर गेली. दक्षिण भागात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचला आणि पाणवनस्पती भराभर वाढल्या. पुढच्या वर्षांत त्यांनी तळाचा मोठा भाग व्यापला. उथळ पाणी, दाट झाडोरा, मुबलक ब्लूगिल: बास पकडणाऱ्याने मनात आखावे तसे सरोवर तयार झाले. होड्या भाड्याने देणारे, वाटाडे, आमिषांची दुकाने यांची भरभराट झाली. ही माणसे अमेरिकेतून नुसती आमिषे शिकली नव्हती, ‘धरा आणि सोडा’ हेही शिकली होती. पण ज्या हिशेबावर ते उभे होते, तो इथे लागू नव्हता. मासा इथला नव्हता, आणि तो पुरावा अशी कोळ्यांची मुळीच इच्छा नव्हती.

२००२ साली शिगा प्रांताच्या सभेने नियम केला आणि एप्रिल २००३ पासून तो अमलात आला: बास आणि ब्लूगिल धरले तर परत सोडायचे नाहीत. काठावर मासे टाकण्यासाठी पेट्या आणि पिंजरे ठेवले गेले. काही हौशी मासेमार न्यायालयात गेले. धरलेल्या जिवाला जीवदान देणे हा आमचा विचार आहे, सरकारने त्यात पडू नये, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही. गंमत अशी की या नियमात शिक्षेची तरतूदच नाही. २००५ साली देशाचा परकीय प्राण्यांविषयीचा कायदा अमलात आला. तो जिवंत बास पाळायला, वाहून न्यायला, दुसरीकडे सोडायला कडक मनाई करतो, पण धरला तिथेच लगेच सोडायला नाही. त्यामुळे देशाच्या कायद्यात बसणारी कृती शिगाच्या नियमात बसत नाही. कोळ्यांना पैसे देऊन हे मासे काढवले जातात, विजेचा धक्का देणाऱ्या होड्याही वापरल्या जातात. संख्या पूर्वीपेक्षा घटली आहे, पण संपलेली नाही. दुसऱ्या बाजूने शेतकऱ्यांना हाताशी धरून पाटांत फळ्या बसवून पायऱ्यापायऱ्यांनी पाणी चढवतात, म्हणजे निगोरोबुना पुन्हा खाचरांत जाऊन अंडी घालू शकतो. या खाचरांना ‘माशांचे पाळणे’ म्हणतात.

या सगळ्यात २ जुलै २००९ रोजी मानाबु कुरिता या मासेमाराने बिवातच पुलाच्या खांबाजवळ एक बास धरला. वजन १०.१२ किलो. जगातला सर्वांत मोठा बास म्हणून तोवर नोंद होती ती १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी धरलेल्या १०.०९ किलोच्या माशाची. पेरी यांच्या घरच्यांनी तो मासा खाऊन टाकला. मंदीचे दिवस होते आणि ‘धरा आणि सोडा’ यायला चाळीस वर्षे होती. कुरितांचा मासा सुमारे २७ ग्रॅमने जड भरला. पण आंतरराष्ट्रीय नोंदींच्या नियमाप्रमाणे जुना विक्रम मोडायला निदान २ औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम, जास्त लागतात. म्हणून सहा महिन्यांच्या तपासणीनंतर, जानेवारी २०१० मध्ये, बरोबरी झाल्याचे जाहीर झाले. तराजूची अचूकता आणि मोजणीतली चूक हा धडा शिकवताना हे आकडे फळ्यावर लिहायला हरकत नाही. आणि कुरितांनी गळाला आमिष काय लावले होते? जिवंत ब्लूगिल.