मेणाच्या पायाचं कूळ

बांद्र्याच्या डोंगरावरच्या मोत माऊलीची, म्हणजे माउंट मेरीची, जत्रा 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. त्या दिवसांत डोंगराच्या वाटेवर मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं विकायला असतात. गुडघा धरला असेल त्यानं पाय वाहायचा, मूल हवं असेल त्यानं बाळ. ही चाल पोर्तुगीजांची, असं सहसा सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पोर्तुगालमध्ये मेणाचे अवयव वाहण्याची रीत जुनी, आणि डोंगरावरचं पहिलं चॅपेल 1570च्या सुमारास जेझुइटांनीच बांधलं. पण या वंशावळीत मध्येच एक पिढी गळते, तिच्याकडे कुणी बघत नाही. बांद्रा ज्या बेटावर आहे त्या साष्टीत मराठे शिरल्यावर, 1738मध्ये, इंग्रजांच्या सल्ल्यानं पोर्तुगीजांनी स्वतःच ते चॅपेल पाडलं. पुढच्याच वर्षी वसई पडली. चॅपेल पुन्हा उभं राहिलं ते 1761मध्ये, म्हणजे पेशव्यांच्या अमलात; इंग्रजांनी साष्टी घेतली ती 1774मध्ये. आज दिसणारी बॅसिलिका तर 1904ची. मोत माऊलीचा दुसरा जन्म असा मराठी राज्यात झाला, आणि तिच्या पायाशी येणाऱ्यांचे शेजारी डोळे बरे झाले की देवीला चांदीचे डोळे वाहणारे होते.

म्हणून काही जण उलट टोकाला जातात: हा आपला नवसच, वर फक्त क्रूस आला. मलाही हे पटलं असतं, पण मेण आडवं येतं. आपल्याकडे नवसाला चांदी, लाकूड, पाळणा, नारळ चालतो. मेण देवळात सहसा दिसत नाही. ते चर्चचंच, वेदीवरच्या मेणबत्तीचं. शिवाय डोंगरावरचं चॅपेल पडलं तरी खालचं सेंट अँड्र्यूज चर्च उभं होतं, तेव्हा मेणाचा धागा तिथून टिकला असं म्हणता येतं. तो टिकला असेलही. तरी माझा अंदाज असा की साहित्य पोर्तुगीज राहिलं आणि व्यवहार नवसाचा झाला.

यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे. नवस फेडतात तो काम झाल्यावर, आणि युरोपातले अवयवही सहसा बरं झाल्यावर उपकाराची फेड म्हणून टांगायचे. बांद्र्यात मात्र पुष्कळ जण मागतानाच मेण वाहतात. दोन्ही घराण्यांत सहसा नसलेलं हे नाक आलं कुठून? मला ते जत्रेचं वाटतं. 1845मध्ये माहीमचा कॉजवे झाला, एका पारशी बाईच्या, लेडी अवाबाई जमशेटजींच्या पैशांतून. 1867मध्ये विरारची गाडी बांद्र्याला थांबू लागली. मग हिंदू, पारशी, मुसलमान, सगळेच वर्षातून एकदा येऊ लागले. गावठाणातल्या माणसाला परत येणं सोपं. लांबून आलेल्याला मागणं आणि देणं एकाच फेरीत उरकावं लागतं. महागडी चांदी अशी आगाऊ कोण देईल? स्वस्त मेण देता येतं. बहुधा म्हणूनच अवयवांच्या शेजारी घर आणि विमानही येऊन बसलं: ज्याला बरं व्हायचं नसून परदेशी जायचं आहे, त्याला पायाचा काय उपयोग?