टाइम्स न्यू रोमन

८ सप्टेंबर २००४. बुश विरुद्ध केरी निवडणुकीला दोन महिनेही उरले नव्हते. त्या रात्री सीबीएसवर डॅन रादर यांनी काही जुने मेमो दाखवले. १९७२-७३ मधले, टेक्सास एअर नॅशनल गार्डचे लेफ्टनंट कर्नल जेरी किलियन यांच्या नावाचे. तरुण बुश हुकूम होऊनही वैद्यकीय तपासणीला गेले नाहीत आणि त्यांना सांभाळून घ्यायला वरून दबाव होता, असा त्यांचा आशय. किलियन १९८४ मध्येच वारले होते, म्हणजे त्यांना विचारायची सोय नव्हती.

सीबीएसने मेमो वेबसाइटवरही टाकले आणि खेळ तिथेच फिरला. काही तासांतच कुणीतरी ऑनलाइन शंका काढली, की ही अक्षरं टाइपरायटरची वाटत नाहीत. कोर्टाबाहेरचे टायपिस्ट पाहिले असतील तर मुद्दा लगेच कळेल. साध्या टाइपरायटरवर ‘आय’ आणि ‘एम’ सारखीच जागा खातात. मेमोत तसं नव्हतं. ‘पॉवर लाइन’ या ब्लॉगने हे उचललं, वाचकांनी भर घातली. चार्ल्स जॉन्सन या ब्लॉगरने तर एक मेमो मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये, एकही सेटिंग न बदलता टाइप केला आणि मूळ मेमोवर ठेवला. ओळी जिथल्या तिथे तुटल्या. आमच्या धंद्यात याला बग रिप्रोड्यूस करणं म्हणतात, आणि इतका स्वच्छ रिप्रो क्वचितच मिळतो. (अक्षरागणिक जागा बदलणारे आयबीएमचे टाइपरायटर तेव्हाही होते. पण वर्डच्या डीफॉल्टशी इतकं जुळणं? आणि टाइम्स न्यू रोमन मुळात एका वर्तमानपत्रासाठीच बनला होता, हे आणखी गमतीचं.)

सीबीएसच्या एका माजी अधिकाऱ्याने ब्लॉगरांची टर उडवली, घरी पायजम्यात बसून लिहिणारी माणसं म्हणून. ब्लॉगरांनी पायजमा बिरुदासारखा मिरवला. २० सप्टेंबरला सीबीएसने माफी मागितली. जानेवारीत निर्मात्या मेरी मेप्स यांची नोकरी गेली, मार्चमध्ये रादर यांनी २४ वर्षांची अँकरची खुर्ची सोडली.

मला खटकतं ते वेगळंच. मेमो बनावटच आहेत, असा ठाम निष्कर्ष चौकशी समितीनेही काढला नाही. किलियन यांच्या कार्यालयातल्या ८६ वर्षांच्या माजी सेक्रेटरी म्हणाल्या, हे मी टाइप केलेले नाहीत, पण साहेबांचं मत असंच होतं. म्हणजे बुश यांनी ड्युटी नीट केली का, हा प्रश्न शाबूतच होता. पण तो विचारणाऱ्याला आता आधी फॉन्टचं उत्तर द्यावं लागे. शिवाय हे ब्लॉगर काही तटस्थ नव्हते. बहुतेक बुश यांच्या बाजूचेच. त्यांनी चूक खरी पकडली, आणि ती पकडायची घाईही त्यांनाच होती. वाचकाला यातली पहिली गोष्टच दिसली.

२ नोव्हेंबरला बुश पुन्हा निवडून आले.