कोसापासून तासापर्यंत

नळगंगेच्या काठी वसलेला, ऐन-ए-अकबरीत नरनाळा सरकारातील एका परगण्याचे ठाणे म्हणून नोंदलेला आणि १७६१ साली राघोबादादांच्या फौजेला साठ हजार रुपये भरून लुटीतून वाचलेला मलकापूर कसबा हा खानदेशातून वऱ्हाडात शिरणाऱ्या प्रवाशाला लागणारा पहिला मोठा मुक्काम होय. म्हणूनच वऱ्हाडची वाट कशी लांब होती आणि कशी आखूड झाली, याचा इतिहास येथून सांगणे उचित ठरते.

पूर्वी अंतर कोसांत सांगत, परंतु कोसाची लांबी प्रांतागणिक बदलत असे, आणि वाटसरूचे खरे माप मजल हेच होते. दिवसभरात बैलांचा दम कोठवर टिकेल, विहीर कोठे आहे, नदीला उतार आहे की नाही, यांवर मजल ठरे. मलकापूरपासून मुंबई ३०८ मैल, म्हणजे सुमारे दीडशे कोस; दिवसाला पाच-सहा कोस चालणाऱ्या गाडीवानाला, पावसाचा आणि घाटाचा अडथळा नसला तरी, तेथे पोचायला पंचवीस-तीस दिवस लागावेत, हे साध्या हिशेबाने कळते. वऱ्हाडचा कापूस तर एके काळी बंजाऱ्यांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवरून पार गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. वाटेत तो भिजे, मळे, आणि किंमत हरवून बसे.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला. पुढे अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने इंग्लंडातील लँकशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला, वऱ्हाडच्या कापसाची मागणी वाढली, आणि त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ भुसावळवरून पूर्वेकडे सरकत, मलकापूरला स्पर्श करून, १८६७ मध्ये नागपूरला पोचला. ज्या वाटेला महिना लागे, ती अहोरात्रीच्या आत उरकू लागली. १ जानेवारी १९०६ पासून देशासाठी एक प्रमाणवेळ ठरवली गेली, आणि अंतर विचारणारा माणूस 'किती कोस?' ऐवजी 'किती तास?' असे विचारू लागला.

युरोपात याच क्रमाची पुढची पायरी २५ ऑगस्ट १९१९ रोजी दिसली: लंडन आणि पॅरिस यांच्यामधील नित्याची विमानसेवा सुरू झाली, आणि बोटीने इंग्लिश खाडी ओलांडून आगगाडी गाठण्यात जाणारा दिवस सुमारे अडीच तासांवर आला. तेथेही दोन नगरे जागची हलली नव्हती. माणसाने त्यांच्यामधील काळ तेवढा जिंकला होता.

परंतु काळ जिंकला गेला, त्याचा लाभ कोणाला झाला, हाही प्रश्न इतिहासाने विचारलाच पाहिजे. कापूस मुंबईला लवकर पोचला, तसा लिव्हरपूलच्या कापूस-बाजाराचा भावही शेतकऱ्याच्या खळ्यापर्यंत लवकर आला. त्याच्या मालाची किंमत त्याने कधी न पाहिलेल्या बाजारात ठरू लागली. त्याच रुळांवरून दुष्काळात धान्यही येऊ शकले, हेही तितकेच सत्य आहे. मलकापूर ते मुंबई हे ३०८ मैल आजही तितकेच आहेत. वाट आखूड झाली, पण त्या वाटेवरून जाणाऱ्या मालाचे मोल ठरवण्याचा अधिकार तो पिकविणाऱ्याच्या हाती येईल, तेव्हाच ते अंतर खऱ्या अर्थाने तुटले असे म्हणता येईल.