काचेच्या शोकेसपासून मोबाईलच्या गॅलरीपर्यंत

आजच्या भागात किल्ला नाही, तह नाही, वंशावळ तर अजिबातच नाही. आजचा इतिहास माझ्या मित्राच्या एका प्रश्नातून निघाला. हेडफोन लावून कोलाऱ्याच्या वाटेवर असाल तर आवाज थोडा कमी ठेवा, रस्त्यावर ट्रॅव्हल्सवाले जोरात असतात.

मित्र चिमूरचाच. सीझनमध्ये लग्नं मारतो, एरवी कॅमेरा घेऊन ताडोब्याच्या बफरमध्ये. त्याला स्वतःची वेबसाइट काढायची होती. लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, "मले यावर गॅलरी बनवून दे बे. एखादं चांगलं टूल सांग. दोन दिवसाचं काम आहे." तीन टूलचे डेमो त्याने आधीच उघडून ठेवले होते. तिसऱ्यात फोटोवर क्लिक केलं की मागचं सगळं काळं होऊन वाघ असा सरकत पुढे यायचा. "हेच घेऊ. किती भारी दिसून राहिलं!"

मी विचारलं, "उद्या हे बंद पडलं तर फोटो बाहेर निघतील का यातून?"

"बंद काहून पडन?"

दोन दिवसाचं काम तीन आठवडे चाललं ते या उत्तरामुळे. कारण फोटो दाखवायच्या जागांचा इतिहास बघितला तर त्या सारख्या बंदच पडत आलेल्या आहेत.

मित्राच्या वडिलांचा, म्हणजे काकांचा, चिमुरात स्टुडिओ होता. बाहेर काचेचं शोकेस. त्यात चार नवरा-नवरी, एक जावळाचं बाळ, एक कॉलेजकुमार हनुवटीखाली हात घेऊन. गावातल्या पोरींना माहीत असायचं की शोकेसमध्ये या महिन्यात कोण लागलंय. हीच गॅलरी. जागा कमी, म्हणून निवडून लावायचे. उन्हाने फोटो पिवळे पडले की काका निगेटिव्हवरून दुसरी प्रिंट काढून लावायचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: शोकेसमधला फोटो खराब झाला तरी मूळ निगेटिव्ह आत डब्यात असायची.

आता जरा लांब मागे जाऊ, मुंबईत. १८५४ मध्ये तिथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे निघाली. फोटोग्राफी जगात जाहीर होऊन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले हौशी छायाचित्रकार, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांचा मुंबईत स्वतःचा स्टुडिओ. अडचण अशी की फोटो काढता यायचा, पण पुस्तकात छापता यायचा नाही. अक्षरांच्या सोबत फोटो छापायचं हाफटोनचं तंत्र यायला अजून काही दशकं होती. मग लोकांना दाखवायचं कसं? १८५६ ते १८५८ या काळात विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी 'इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' नावाचं मासिक चालवलं. प्रत्येक अंकात खऱ्या प्रिंट चिकटवलेल्या आणि सोबत माहितीचा मजकूर. वर्गणी भरा, महिन्याला फोटो घरपोच. आजच्या भाषेत सबस्क्रिप्शनवाली गॅलरी!

पुढे याच जॉन्सनने १८६० च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड काढले. त्यात त्याने काय केलं, तर स्टुडिओत काढलेल्या माणसांच्या आकृत्या कापून दुसऱ्याच ठिकाणच्या दृश्यावर बसवल्या. माणूस एकीकडचा, मागचं देऊळ दुसरीकडचं. फोटोशॉपच्या सव्वाशे वर्षं आधी! आज अभ्यासकांना हे ओळखता येतं, कारण तीच माणसं आधीच्या फोटोंमध्ये साध्या पार्श्वभूमीवर सापडतात. म्हणजे इथेही मूळ प्रत शिल्लक राहिली, म्हणून दाखवलेल्या प्रतीतली लबाडी कळली.

मधली शंभर-सव्वाशे वर्षं मी सोडून देतो. त्यात काकांच्या शोकेससारखी हजारो शोकेसं आली. थेट इंटरनेटवर येऊ.

फ्लिकर फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झालं, कॅनडातल्या व्हँकुव्हरला. ती मंडळी खरं तर ऑनलाइन गेम बनवत होती. गेम राहिला बाजूला आणि फोटो टाकायची सोय चालली. वर्षभरात याहूने ते विकत घेतलं. २००५ मध्येच लोकेश ढाकर या वेब डेव्हलपरने 'लाइटबॉक्स' नावाची छोटी स्क्रिप्ट काढली: फोटोवर क्लिक करा, पान मागे काळवंडतं, फोटो मध्ये मोठा होतो. मित्राला जे 'भारी' वाटलं ना, ते जवळपास वीस वर्षं जुनं आहे. आज शंभर टूल विकली जातात, आतला खेळ तोच.

त्याआधी आणि त्यासोबत फ्लॅशच्या गॅलऱ्या होत्या. पानं उलटायची, संगीत वाजायचं. लग्नवाल्या फोटोग्राफरांना तर फार आवडायच्या. आयफोनने फ्लॅश कधी घेतलंच नाही आणि ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने ते बंदच केलं. ज्यांची सगळी वेबसाइट फ्लॅशमध्ये होती त्यांच्या जागी उरली ती एक करडी चौकट.

मग पिकासा. तुमच्या दादा-ताईंना विचारा. पिकासा वेब अल्बम २०१६ मध्ये संपले. फोटो गूगल फोटोजमध्ये गेले, हे चांगलंच झालं. पण जी कॅप्शन, ज्या कॉमेंट नव्या घरात मावल्या नाहीत त्या 'अल्बम अर्काइव्ह' नावाच्या माळ्यावर ठेवल्या, आणि २०२३ मध्ये तो माळाही बंद झाला. ऑर्कुट त्याआधीच, ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं होतं. २०१७ मध्ये फोटोबकेटने आणखी वेगळं केलं: दुसऱ्या वेबसाइटवर फोटो दिसायला हवे असतील तर वर्षाला जवळपास ४०० डॉलर भरा. एका रात्रीत जगभरच्या असंख्य पानांवर फोटोंच्या जागी एक मीटरचं चित्र दिसायला लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी ते मागे घेतलं, पण तोवर लोक निघून गेले होते. फ्लिकरने २०१३ मध्ये एक टेराबाइट फुकट दिली होती. स्मगमगने २०१८ मध्ये ते विकत घेतल्यावर फुकटवाल्यांना १,००० फोटोंची मर्यादा आली. मला यात कोणाचा कट दिसत नाही. डिस्कला पैसे लागतात, वीज लागते. फुकट म्हणजे आत्ता कोणीतरी दुसरा भरतोय, एवढंच.

हे सगळं सांगून झाल्यावर मित्र थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माह्यावाले दोन हजार बाराचे फोटो असेच गेले ना." त्याची एक साइट होती, कुठली ते राहू द्या. त्याने फोटो तिथे चढवले आणि कार्ड पुसून दुसऱ्या लग्नाला वापरलं. काकांनी निगेटिव्ह कधीच फेकली नव्हती. पोराने शोकेसलाच डबा समजला.

मग आम्ही तिन्ही टूलची परीक्षा घेतली. चाळीस फोटो, प्रत्येकाला मराठीत कॅप्शन, आणि सगळं लावून झाल्यावर ते परत बाहेर काढायचं. पहिलं होतं दरमहा पैसे घेणारं तयार पोर्टफोलिओचं दुकान. दिसायला उत्तम. फोटो परत मिळाले, पण कॅप्शनशिवाय आणि फाइलची नावं बदलून. दुसरं, म्हणजे ते भारीवालं, वर्डप्रेसचं प्लगइन. ते काढून टाकल्यावर पानावर वाघाच्या जागी चौकोनी कंसात एक कोड उरला. कॅप्शन त्या प्लगइनच्या स्वतःच्या कप्प्यात, ते गेलं की किल्ली गेली. तिसरं पिविगो, आपल्याच होस्टिंगवर बसवायचं, फ्रान्समध्ये २००२ पासून चालू असलेलं मोफत सॉफ्टवेअर. त्याला आपण चढवलेलं फोल्डर जसंच्या तसं वाचता येतं, म्हणून फोटो सुरक्षित. पण मित्राला ते "सरकारी दिसते" असं वाटलं. खोटं कशाला बोलू, मलाही थोडं वाटलं.

कॅप्शनवर मी एवढा का अडून बसलो, ते सांगतो. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. चिमुरात मोर्चा निघाला, गोळीबार झाला, लोक मेले, सरकारी अधिकारीही मारले गेले. नंतर आलेल्या फौजेने गावातल्या बायांवर अत्याचार केले. त्याची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केलं आणि सरकारने त्याच्या बातम्यांवरच बंदी घातली. या घटनेवर भाग करायचा म्हणून मी फोटो शोधत होतो. दर ऑगस्टमध्ये व्हॉट्सॲपवर येतात तसे बरेच मिळाले. एकाखालीही छायाचित्रकाराचं नाव नाही, साल नाही, चिमूर की दुसरं कुठलं गाव याचा पत्ता नाही. एकही वापरता आला नाही. फोटो हातात आहे आणि तरी तो कशाचाच पुरावा नाही, ही चीड मला तेव्हापासून आहे.

यावर उपाय आहे आणि तो टूलमध्ये नाही, फाइलमध्ये आहे. वृत्तसंस्थांच्या आयपीटीसी या संघटनेने नव्वदच्या दशकातच फोटोच्या फाइलच्या पोटात नाव, ठिकाण, तारीख, कॅप्शन लिहायची पद्धत ठरवली. जुन्या पद्धतीत मराठीची कधीकधी प्रश्नचिन्हं होतात. ॲडोबीने २००१ मध्ये आणलेल्या एक्सएमपीमध्ये युनिकोड आहे, देवनागरी नीट राहते. म्हणजे कॅप्शन आधी फाइलमध्ये लिहायचं, गॅलरीत नंतर. टूल मेलं तरी कॅप्शन फोटोसोबत. फक्त एक सांभाळा: व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात की ही आतली माहिती गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर राहते.

याच पोटात दुसरीही गोष्ट असते, जीपीएस. लोकेशन चालू असेल तर फोन प्रत्येक फोटोत ठिकाण अगदी काही मीटरपर्यंत लिहून ठेवतो. काही कॅमेरेही लिहितात. बछडेवाल्या वाघिणीचा फोटो तसाच मूळ फाइलसकट वेबसाइटवर टाकला तर शिकाऱ्याला तुम्ही नकाशाच दिला. लग्नाच्या फोटोत कोणाच्या तरी घराचा पत्ता असतो. म्हणून जंगलाचे फोटो चढवण्याआधी जीपीएस पुसायचं, आणि कॅप्शनमध्ये पाणवठ्याचं नाव न घालता फक्त 'ताडोबा बफर' लिहायचं. मित्राला हे पटायला वेळ लागला नाही. उलट त्यानेच जुने तीन फोटो काढून टाकले.

लग्नाच्या फोटोंवर मात्र आमचं चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं, फोटो मी काढला म्हणजे माझा. पण १९५७ चा कॉपीराइट कायदा वेगळं सांगतो. कलम १७ नुसार कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि दुसरा काही करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. वाघाने पैसे दिले नाहीत, तो फोटो तुझा. नवरीच्या बापाने दिले, तो फोटो त्यांचा. काका हे ऐकून हसले. म्हणाले, "बाबू, आम्ही शोकेसमध्ये लावाच्या आधी विचारत होतो. नाही म्हटलं तर नाही लावत होतो." आता मित्राच्या बुकिंगच्या कागदावर एक ओळ वाढली आहे: वेबसाइटवर काही फोटो लावायला परवानगी, हो किंवा नाही.

शेवटी निवडलं काय? वर्डप्रेसची स्वतःची, साधी गॅलरी. वेगळं प्लगइन नाही. कॅप्शन पानातच राहतं. पडद्याच्या मापाप्रमाणे लहान फोटो द्यायची सोय त्यात २०१५ पासून आहे, खाली सरकाल तसे फोटो उतरवायची २०२० पासून, आणि टॅप केल्यावर मोठा होण्याची २०२३ पासून. हे का महत्त्वाचं, बघा: चोवीस मेगापिक्सेलचा एक फोटो साधारण १० एमबी. चाळीस फोटो म्हणजे ४०० एमबी. मोबाईलच्या पडद्याची रुंदी बहुतेक वेळा हजारभर ठिपके, त्याला अडीचशे केबीचा फोटो पुरतो. चाळीसचे झाले १० एमबी. नेटवर्क एका काडीवर असलेल्या माणसालाही वाघ दिसतो. मूळ फाइली वेबसाइटवर नाहीतच. त्या दोन हार्डडिस्कवर, एक चिमुरात, एक नागपूरला त्याच्या बहिणीकडे.

मला अजून पिविगोच बरं वाटतं, पण वेबसाइट त्याची आहे.

चाळीस फोटो लागले. मग काकांनी आतून बिस्किटाचा डबा आणला. शोकेसमधल्या फोटोंच्या निगेटिव्ह. मित्र स्कॅन करतो, काका चष्मा वर करून नाव सांगतात, मी फाइलमध्ये लिहितो. अमक्याची थोरली, तमक्याचा साळा, घोडायात्रेच्या दिवशी काढलेला, साल ऐंशीच्या आसपास. पहिल्या दुपारी एकोणीस झाले. विसाव्यात एक बाई आहे, कडेवर मूल, मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर बंगला आणि नारळाची झाडं. काकांनी निगेटिव्ह तीनदा उजेडाला धरली. नाव आठवेना. पडदा त्यांना आठवला, नागपुरातून आणलेला. कॅप्शनमध्ये सध्या तेवढंच लिहिलं आहे.

पुढच्या भागात भेटू.