रात्र किती मोठी?

आमच्या अप्पांचा जुन्नर तालुक्यात गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचा धंदा होता. वरात असो की यात्रेतला तमाशा, बोलणी करायला आलेल्या माणसाला ते पहिल्यांदा विचारायचे, ‘रात्र किती मोठी?’ वरात दोन तासांत उरकायची, वग झुंजूमुंजू होईपर्यंत चालायचा. लिटरभर रॉकेल सात-आठ तास पुरतं. हा हिशेब झाल्यावर मग पैशाचं बोलणं. मी जनरेटर पुरवतो, पण माझा पहिला प्रश्न तोच आहे.

अप्पांच्याही आधी उजेड माणसाच्या हातात असायचा. काठीला फडकी गुंडाळून पेटवलेले टेंभे, शेजारी तेलाची बुधली. गोंधळात ही दिवटी-बुधलीची जोडी आजही दिसते. ज्योत खाली बसायच्या आत तेलाची धार पडली पाहिजे, हे त्या दिवट्याचं कसब. होनाजी बाळाच्या काळातल्या लावणीला असाच उजेड होता.

1910 च्या सुमारास बर्लिनमध्ये पेट्रोमॅक्स निघाला आणि पुढे गॅसबत्ती होऊन आपल्या मांडवात आला. बत्ती पेटवणं हा एक सोहळाच. मेंटल रेशमी पिशवीसारखा बांधायचा, वाटीत स्पिरिट जाळून नळी तापवायची, मग हळूहळू पंप मारायचा. मेंटल एकदा जळला की उरते ती राखेची जाळी. बोट लागलं तरी भुगा. अप्पा भरलेली बत्ती उचलताना श्वास रोखून धरायचे. नवव्या वर्षापासून माझं काम एकच : उजेड पिवळा पडायला लागला की धावत जाऊन पंप मारायचा. गवळण रंगात असताना समोरून जायचं नाही, कनातीच्या कडेनं वाकून जायचं.

1960 साली वीज मंडळ झालं, दोन वर्षांनी कोयनेची वीज सुरू झाली, गावोगाव खांब आले. पण यात्रा भरते ती गावाबाहेर, देवळामागच्या माळावर किंवा नदीकाठी. लाइनीच्या शेवटच्या टोकाला दाब इतका कमी, की बल्ब निखाऱ्यासारखा लाल दिसायचा. कर्ण्याचा ॲम्प्लिफायर बॅटरीवर भागायचा, फोकस कसे भागणार? अप्पांनी विहिरीवरचं डिझेल इंजिन ट्रॉलीवर चढवलं, पट्ट्यानं अल्टरनेटर जोडला. आमच्या घरात जनरेटर आला तो असा, शेतातून.

त्या काळातली एक यात्रा विसरत नाही. तोवर आमच्याकडे थ्री-फेजचा सेट आला होता. इंजिनाच्या हादऱ्यानं न्यूट्रलचा नट सैल झाला. ज्या फेजवर लोड कमी, तिथला दाब एकदम चढला आणि दोन ॲम्प्लिफायर जळाले. भर गवळणीत अंधार. अप्पांनी ट्रॉलीतल्या दोन जुन्या बत्त्या काढल्या, पेटवल्या, स्टेजवर टांगल्या. ढोलकी आणि तुणतुण्यावर, माइकाशिवाय, ती गवळण पुरी झाली. माणसं पुढे सरकून गप्प बसून ऐकत होती. त्या रात्रीपासून न्यूट्रलचा नट मी खेळाआधी स्वतः आवळतो, आणि दुसरा सेट बरोबर असल्याशिवाय सुपारी घेत नाही.

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावकरी सुपारी द्यायला येतात. तिथं कुणी विचारलं, ‘किती केव्हीएचा सेट लागेल?’ तर मी कागद घेतो. एक हजार वॅटचे सोळा पार दिवे म्हणजे सोळा किलोवॅट. साउंड दहा. पंखे आणि राहुट्यांतले बल्ब धरून आणखी चार. झाले तीस. शून्य पूर्णांक आठनं भागले की साडेसदतीस केव्हीए. पण तेवढाच सेट घ्यायचा नाही. बासचा ठोका बसला की लोड क्षणात उसळतो, सेट लहान असेल तर प्रत्येक ठोक्याला दिवे मिचकतात. म्हणून साडेबासष्टचा घ्यावा. साउंड आणि लाइट वेगळ्या फेजवर, नाहीतर डिमरची गुणगुण स्पीकरमध्ये उतरते. सेट वाऱ्याची दिशा पाहून राहुट्यांपासून लांब ठेवावा. धूर झोपलेल्या माणसाचा जीव घेतो. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी मीच ओततो.

आता एलईडी आले. वीस दिवे मिळूनही चार किलोवॅट होत नाहीत. जुना मोठा सेट तसाच चालवला तर इंजिन पुरतं तापत नाही, काजळी धरतं. छोट्या भजनाला दोन-तीन केव्हीएचा पेट्रोल सेट पुरतो. डिझेल सेटला कॅनॉपी आली, एक मीटरवर 75 डेसिबलची मर्यादा आली. हे फार बरं झालं, ढोलकीची थाप आता इंजिनात बुडत नाही. 2000 सालच्या ध्वनिनियमांनी मात्र रात्रच लहान केली. दहानंतर कर्णा बंद, म्हणजे उजाडेपर्यंतचा वग गेला. गावाची झोप मला मान्य आहे, पण पहाटेच्या वगाची हळहळही वाटते.

खेळ संपला की आधी साउंड, मग दिवे, आणि इंजिन पाच मिनिटं रिकामं फिरू द्यायचं, थंड व्हायला. एक दिवा तेवढा ठेवतो. बाया घुंगरं सोडत असतात, पोरं सतरंज्या गुंडाळत असतात. सगळी ट्रकमध्ये बसली, कुणाचं काही राहिलं नाही, एवढं बघून मी तो बंद करतो. रात्र मोठी असते ती तिथपर्यंत.