शंकू, साखळी आणि त्रिकोण

शिवकाळात जमीन काठीने मोजत. पाच हात पाच मुठी लांबीची एक काठी, वीस चौरस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर, असे कोष्टक होते. पण बिघा सगळीकडे सारखा नव्हता; प्रांत बदलला की त्याचे क्षेत्रही बदले.

पेशवाईनंतर इंग्रजांना सारा ठरवण्यासाठी एकसारखे माप हवे होते. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने केलेली पहिली मोजणी सदोष ठरली. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने काम सुरू केले आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीचे नियम पक्के झाले.

या मोजणीची मुख्य साधने दोनच: साखळी आणि शंकू. साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांत विभागलेली. तिच्या लांबीइतकी बाजू असलेला चौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. शंकू म्हणजे जमिनीत उभा रोवायचा दांडा; त्याच्या डोक्यावर एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन चिरा असतात. शेतातून आखलेल्या सरळ रेषेवर, म्हणजे पायारेषेवर, शंकू धरून एका चिरेतून तिच्या टोकाची खूण आणि दुसरीतून बांधाचा कोपरा दिसला, की त्या कोपऱ्याचा लंब कुठे पडतो ते कळते.

शेत चौकोनी पण वेडेवाकडे असले, तर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून पायारेषा धरतात. ती १० साखळ्या भरली आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांचे लंब ३ व ५ साखळ्या निघाले, असे समजू. शेताचे दोन त्रिकोण झाले. पाया गुणिले उंची भागिले दोन या सूत्राने एकाचे क्षेत्र १५ गुंठे आणि दुसऱ्याचे २५ गुंठे येते. शेत बरोबर एक एकराचे. बांधाला जास्त कोपरे असतील तर मधल्या तुकड्यांचे समलंब चौकोन होतात. तिथे दोन लंबांची बेरीज निम्मी करून त्यांमधल्या अंतराने गुणतात.

ही मापे ज्या कच्च्या आकृतीवर लिहीत, तिला टिपण म्हणतात. टिपण प्रमाणात काढलेले नसले तरी त्यावरील आकड्यांवरून शेताची आकृती पुन्हा आखता येते. त्यामुळे फलकयंत्र आणि उपग्रहाधारित उपकरणे आल्यानंतरही बांधाचा वाद निघाला, की हद्द कायम करताना भूमी अभिलेख कार्यालयात जुने टिपण काढून पाहतात.