डोंगर 'निकामी' ठरवला कुणी? रोखीच्या व्यवहारामागचा शंभर वर्षांचा इतिहास

मागच्या मे महिन्यात आमच्या बौद्धवाडीत बैठक बसली होती. विषय होता विहाराच्या गळक्या पत्र्यांचा, पण बोलणं वळलं जमिनीकडे. आमचं गाव पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, मावळातल्या डोंगरात. वाडीच्या वर तीन एकरांचा उतार आहे, जुनी महार वतनाची जमीन. आजोबांच्या काळात तिथे नाचणी, वरई पिकायची. आता गवत आणि करवंदीच्या जाळ्या. सातबाऱ्यावर एकोणीस नावं. एक एजंट येऊन भाव सांगून गेला होता: गुंठ्याला चार हजार, सगळे रोख.

आमच्या चुलत्यांनी तिथेच हिशोब मांडला. १२० गुंठ्यांचे ४ लाख ८० हजार, म्हणजे माणशी पंचवीस हजारांच्या आसपास. "रस्ता नाही, पाणी नाही, खाली कातळ. त्या डोंगरावर कोण काय करणार? आयते पैसे येतायत, घ्या!" तरुण पोरांनी माना डोलावल्या. तेव्हा मागे बसलेली एक म्हातारी आत्या म्हणाली, "जमीन निकामी आहे, तर तो पैशाची पिशवी घेऊन डोंगर चढून कशाला आला?"

या प्रश्नाचं उत्तर बैठकीत कुणाकडेच नव्हतं. इतिहासात मात्र ते आहे आणि ते शोधायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. आमच्या शेजारचंच खोरं पुरेसं होतं.

१९२१ साली मुळशी खोऱ्यात नीला-मुळेच्या संगमावर टाटा कंपनीचं धरण सुरू झालं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते म्हणून ओळखले गेले. 'जान किंवा जमीन' ही त्या लढ्याची घोषणा. शाळेच्या पुस्तकात आपण एवढंच शिकतो. पण लढा फुटला कसा? खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनींचे कागद पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होते. कसणारा मावळ्यातला शेतकरी त्यांचं कूळ किंवा कर्जदार होता. सावकाराला त्या चिखलाशी, त्या खाचराशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला जमीन म्हणजे रक्कम. रोख मोबदल्याची बोलणी सुरू झाली तशी 'जान' देणारे एकीकडे आणि 'जमीन' नावावर असणारे दुसरीकडे झाले. १९२४ पर्यंत लढा संपला. धरण झालं, गावं बुडाली.

मुळशीने आपल्याला एक नियम शिकवला आहे: जमिनीची किंमत रोखीत ठरली, की पैसे कागद असणाऱ्याकडे जातात आणि नुकसान कोयता धरणाऱ्याच्या वाट्याला येतं.

मग आपल्याकडे कागद का नव्हता? आणि होता तिथे तो कसला होता?

महार वतन म्हणजे जमीन, असा आजच्या पोरांचा समज आहे. खरं तर ती गुलामीची पावती होती. तुटपुंजी जमीन आणि बलुत्याच्या मोबदल्यात सरकार आणि गाव दोघांची चाकरी, दिवसाची आणि रात्रीचीही. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. मागणी साधी होती: चाकरीचं जोखड काढा, पूर्ण सारा घ्या आणि जमीन कसणाऱ्याला सन्मानाने राहू द्या. त्या विधेयकाचा कायदा होऊ शकला नाही. कोकणात तीच लढाई खोतीविरुद्ध होती. १९३३ ला चरीच्या शेतकऱ्यांनी संप पुकारला. नारायण नागू पाटलांबरोबर बाबासाहेब उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती निर्मूलनाचं विधेयक आणलं आणि १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्या मोर्चात कुणबी आणि महार खांद्याला खांदा लावून होते, हे विसरू नका.

खोती १९४९ च्या कायद्याने गेली. कनिष्ठ गावकामगार वतनं १९५८ च्या कायद्याने गेली, तो १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. ठरलेली भोगवटा किंमत भरल्यावर जमीन परत मिळाली, पण 'नवीन अविभाज्य शर्ती'वर. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि शासन ठरवेल ती रक्कम भरल्याशिवाय ती विकता येत नाही, वाटताही येत नाही. म्हणून आपल्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेलं असतं.

ही शर्त कशासाठी? जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून. पण आज एजंट हीच शर्त दाखवून भाव पाडतो. "क्लास टू आहे, कोण घेणार?" आपल्या संरक्षणासाठी केलेला कायदा त्याच्यासाठी सवलतीचं कूपन झाला आहे.

आता त्या 'निकामी' शब्दाकडे येऊ. १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातल्या छोट्या शेतजमिनींवर एक अर्थशास्त्रीय निबंध लिहिला. तुकडे एकत्र करा, म्हणजे शेती सुधारेल, असं तेव्हाचे जाणकार म्हणत होते. बाबासाहेबांनी तो युक्तिवाद उलटवला. जमीन लहान की मोठी, हे एकरांवर ठरत नाही. तिच्यावर भांडवल, अवजारं, श्रम किती लावता येतात, यावर ठरतं. हेच माप डोंगराला लावा. उतार 'विकसित होण्यासारखा नाही' याचा अर्थ एवढाच, की आपल्याकडे भांडवल नाही. दोष डोंगराचा नाही.

पुरावा पाहिजे? १९९६ साली राज्य शासनाने डोंगरी भागातल्या पर्यटन वसाहतींसाठी विशेष नियमावली काढली. २००१ मध्ये मुळशी-वेल्ह्यातली १८ गावं 'हिल स्टेशन' म्हणून अधिसूचित झाली. लवासा त्याच पट्ट्यात उभं राहिलं. कातळ तोच, उतार तोच, पाऊस तोच. बदलला तो सरकारी कागद. अधिसूचनेआधी ज्याने गवताच्या भावाने जमीन दिली, त्याच्या हातात काय उरलं? कागद बदलणार, हे ज्याला आधी कळतं, तो रोख घेऊन डोंगर चढतो. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

आणि रोखच का? चेक का नाही? इथे आपल्या कार्यकर्त्यांनी डोळे उघडे ठेवावेत. वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, म्हणून एजंट खरेदीखत करतच नाही. तो साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करून घेतो. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच सांगितलं आहे. तरी अंगठे उठतात. पुढे परवानगी काढायची, नजराणा भरायचा आणि खऱ्या भावाने पुढे विकायची, हे सगळं तो करतो. आपला भाव चार हजारांवर गोठलेला असतो. शर्तभंग झाला, तर जमीन सरकारजमा व्हायची भीती आहेच. त्यावर आणखी एक फास. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. आणि दंड देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला आहे, जेवढी रोकड तेवढाच दंड. फक्त शेतीवर जगणाऱ्या दोघांमधल्या व्यवहाराला सूट आहे, पण एजंटामागचा शहरी, कर भरणारा खरेदीदार त्यात बसत नाही.

रोखीचा सगळ्यात मोठा बळी मात्र आपल्या घरात असतो. बँकेत पैसे आले, तर एकोणीस खाती लागतात. पिशवीत आले, तर एक कर्ता पुरुष पुरतो. बहिणींकडून हक्कसोडपत्र घ्यायचं, एक साडी द्यायची आणि विषय संपला. हिंदू कोड बिल रखडवलं, म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, हा वारसा कायदा आपल्या बौद्ध कुटुंबांनाही लागू आहे. विहारात त्यांच्या फोटोला हार घालायचा आणि सातबाऱ्यावरून बहिणीचं नाव पुसायचं, हे कसं चालेल?

काही मित्र म्हणतील, बाबासाहेबांनीच 'खेडी सोडा' सांगितलं, मग डोंगराला का चिकटायचं? बरोबर आहे. संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गोडव्यांची पार हजेरी घेतली होती. आम्हीही जमिनीची पूजा करा, असं म्हणत नाही. पण त्याच बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये जमीन राष्ट्राच्या मालकीची करून जातभेद न करता सामूहिकपणे कसायला द्या, अशी मागणी केली. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लोक हजारोंनी तुरुंगात गेले. खेडं सोडणं म्हणजे आपला वाटा सोडणं नव्हे. गाव सोडताना हात रिकामे असता कामा नयेत.

म्हणून आमचं म्हणणं 'विकूच नका' असं नाही. विकायचं, तर डोळसपणे. आधी १९५९ पासूनचे सगळे फेरफार काढा. प्रत्येक वारसाचं, विशेषतः बहिणींचं आणि विधवांचं नाव लावा. परवानगी स्वतः काढा, मुखत्यारपत्र कुणालाही देऊ नका. पैसा खात्यावरच घ्या. विकण्याआधी भाडेपट्ट्याचा आणि सामूहिक लागवडीचा विचार करा. एकट्याने तर सहीच करू नका.

आमच्या वाडीत त्या बैठकीनंतर दोन पोरं तलाठी कार्यालयात गेली. फेरफार निघाले तेव्हा कळलं, की नावं एकोणीस नाहीत, एकवीस हवी होती. दोन आत्या वगळल्या गेल्या होत्या. त्यातली एक तीच, मागे बसून प्रश्न विचारणारी. आता तिचं नाव लागल्याशिवाय कुणी कशावरही सही करणार नाही, असं ठरलं आहे. एजंटाचे फोन अजून येतात. चुलते अजून रागात आहेत. विहाराचे पत्रेही गळतायत. पण डोंगर अजून आपला आहे.

जय भीम!